धूर न होणारा कोळसा

अकोल्याच्या आमच्या नव्या घरावर कवेलू म्हणजे कौलं नव्हती, स्लॅब होता. बाबांना त्याचा फार अभिमान. कोर्टातलं कोणी घरी आलं की ते बोलता बोलता उगाच वर बघायचे, म्हणजे पाहुण्यालाही वर बघावं लागे. दारं-खिडक्या सागवानी, तावदानं काचेची, आणि सुताराने दारं चौकटीत अशी घट्ट बसवली होती की लावताना कानाला हवेचा दाब जाणवायचा. आई म्हणायची, या घरात उंदीर शिरत नाही. बाबा म्हणायचे, उंदीर काय, धूळ शिरत नाही. ते खरंही होतं. हिवाळ्यात जिनिंग सुरू झालं की गावभर कापसाचे तंतू उडत, तारांवर, बाभळींवर, वाण्याच्या गुळाच्या ढेपेवर बसत. आमच्या घरात ते दिसत नसत.

त्या घरात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी दवाखान्यात झाली, पण पाचवीच्या आतच दोघींना घरी आणलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अमरावतीला होस्टेलवर राहून इंटर सायन्स करत होते. संक्रांतीला म्हणून घरी आले, ती ताईसाठी राहून गेले.

माझी शाळाही अमरावतीलाच झाली होती, मिशनच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून. त्यामुळे नातेवाइकांत मी गर्विष्ठ समजली जायची. कोणी काही विचारलं की मी मनात मराठी वाक्य जुळवायची, तपासायची, आणि ते तयार होईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. मग मी ऐकत बसायची. ऐकत बसणाऱ्या माणसाला लोक एक तर शहाणं समजतात किंवा शिष्ट. मावशीने मला पहिल्या दिवसापासून ‘मडम’ म्हणायला सुरुवात केली.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण; आई-बाबा तिला ‘बाई’ म्हणत. बार्शीटाकळीजवळ त्यांची काळ्या मातीची शेती होती. घराण्यातल्या सगळ्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या. ताई घरी आली त्याच दिवशी तीही दमणी जुंपून आली. गाडीतून उतरलं ते ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, वेचणीचा पोतंभर कापूस, आणि टोपलंभर गोवऱ्या.

गोवऱ्या पाहून बाबा व्हरांड्यातून खाली आले.

“बाई, आत गोवऱ्या नकोत. धुराने भिंती काळ्या होतील. आत्ताच चुना झालाय.”

“वकीलसाहेब, बायतीन भितीवर निजते का बाजंवर?”

“मी कोळसा आणवलाय. लाकडाचा, पक्का. अजिबात धूर होत नाही.”

“धूर नाई त्याले का शेक म्हनतेत?”

“तुम्ही बघा तर.”

कोळसा खरोखर चांगला होता. एकदा फुलला की शेगडीत नुसता लाल प्रकाश, डोळ्याला पाणी नाही की खोकला नाही. मावशीने शेगडीसमोर बसून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “हा का मुका कोयसा हाये?” ती म्हणाली. पण पाहुणी म्हणून आलेल्या घरात धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी किती वाद घालायचा, म्हणून गोवऱ्यांचं टोपलं मागच्या पडवीत गेलं आणि बाळंतिणीच्या खोलीत कोळसा आला.

मग तिने खोली बांधली. दुसरा शब्द मला सुचत नाही. बोळाच्या बाजूला एक खिडकी होती आणि छताखाली दोन झरोके. मावशी स्टुलावर चढली, झरोक्यांत कापसाचे बोळे कोंबले. खिडकी लावून घेतली, तिच्या प्रत्येक फटीत कापूस घालून विळीच्या पात्याच्या मागच्या बाजूने दाबला. त्यावर जाड चादर टांगली. दाराच्या खालच्या फटीसाठी एक गुंडाळी केली, ती आत बसणाऱ्याने पायाने सरकवायची. हे सगळं ती इतक्या सराईतपणे करत होती की मी बघतच राहिले. खोली आतून रजईसारखी झाली. बाहेर दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, तो आत ऐकूच येईना.

“आता वारं येऊन दाखवो,” मावशी म्हणाली.

ताईच्या कानांवर फडकं बांधलं होतं. ती माझ्याकडे पाहून किंचित हसली.

माझं काम दुपारी तिच्यापाशी बसायचं. त्या दिवसांत हवा अशी कोरडी होती की धुतलेलं लुगडं वाळत घालून मागे वळेपर्यंत कडक व्हायचं. माझे ओठ फुटले होते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हवेचं कोष्टक होतं: नायट्रोजन चार भाग, ऑक्सिजन जवळजवळ एक भाग, बाकी किरकोळ, आणि सगळ्यात खाली पाण्याची वाफ, तिच्यापुढे आकडा नव्हता, ‘बदलती’ एवढंच लिहिलेलं. अकोल्याच्या जानेवारीत ती वाफ कुठे जात असेल, असं मला तेव्हाही वाटायचं. पण ताईच्या खोलीत शिरलं की अंग ओलसर व्हायचं. ओवा, तेल, दूध, ओले लंगोट. उबदार होतं, आणि पहिले काही क्षण बरं वाटायचं.

नंतर डोकं दुखायला लागायचं.

मला वाटलं ओव्याच्या धुरीने असेल. मग ताई म्हणाली, “तुझंही दुखतंय का गं? मला कपाळावर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं.” संध्याकाळपर्यंत तिला मळमळलं. डिंकाचा लाडू तिने तसाच परत दिला. मावशीने तिचे डोळे पाहिले, तळपाय चोळले आणि निकाल दिला.

“वारं लागलं.”

“कुठून लागणार, बाई?” आई म्हणाली. “सगळं तर बुजवलं तू.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. “हे मडम. दहादा आत-बाहेर करते. दरवक्ती दार उघडते, वारं आंगावर घेऊन येते अन् बायतिनीवर सोडते.”

दुसऱ्या दिवशी शेगड्या दोन झाल्या.

मी एक गोष्ट पाहत होते. सकाळी न्हाणं व्हायचं तेव्हा ताईला पडवीतल्या न्हाणीत नेत, खोली झाडत, दार उघडं राही. न्हाऊन आली की ताई बोलायची, हसायची, भूक लागली म्हणायची. दुपार कलली की पुन्हा कपाळावर हात. मला वाटे, हे सगळ्यांना दिसायला हवं. ते मावशीलाही दिसत होतं. ती आईला म्हणाली, “पाय, न्हानीत जाते तवा वारं लागते. लगेच नाई समजत. दुपारी उमटते.” आणि न्हाणीच्या दारालाही कांबळं टांगलं गेलं. जे मी पाहत होते तेच तीही पाहत होती, आणि त्यातून आम्ही दोघी उलट्या दिशेला जात होतो. आपल्याच बाजूला खरं आहे हे मला कशावरून माहीत, असा प्रश्न मला पडला. मला तर एकही मूल सांभाळून माहीत नव्हतं.

म्हणून मी दिवा नेला. शाळेत सिस्टरने पेटत्या मेणबत्तीवर काचेची बरणी पालथी घातली होती. ज्योत आखूड झाली, पिवळी पडली, विझली. ऑक्सिजन संपला, असं आम्ही वहीत लिहिलं होतं. मी देवघरातली समई न्यायला धजले नाही, निरांजन उचललं आणि बाळासाठी म्हणून ताईच्या कोनाड्यात ठेवलं. मावशी म्हणाली, “बरं केलं, उजेड पायजे लेकराले.” मी बाजेशेजारी बसून ज्योतीकडे पाहत राहिले. ती ताठ उभी होती. वाऱ्याची झुळूकही नसल्यामुळे तर फारच सुंदर, चित्रातल्यासारखी. दुपारभर तशीच.

मला हायसं वाटलं. आणि माझं डोकं दुखतच होतं.

बाळ त्या दिवसांत फार कमी रडायचं. दूध ओढता ओढता झोपून जायचं. शेजारच्या काकू दाराशी डोकावून म्हणाल्या, “किती गुणाचं लेकरू. अन् ताईच्या गालांवर बाई काय तेज आलंय.” मावशी खूश झाली. मीही त्या गालांकडे पाहिलं. लाल होते खरे. मला ते आवडले नाहीत.

मावशी शेगडीवर नवे कोळसे घालत होती तेव्हा मी खाली, बाजेच्या पायाशी होते. काळ्या कोळशांच्या फटींतून लहान निळ्या ज्योती वर आल्या. धूर नाही, आवाज नाही, बोटाच्या पेराएवढ्या निळ्या जिभा, लागत होत्या आणि नाहीशा होत होत्या. मी याआधीही त्या पाहिल्या असतील. त्या दिवशी मात्र मला केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं पान दिसलं, उजवीकडचं, खालच्या बाजूला. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की दुसरा एक वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही. वास नाही. निळ्या ज्योतीने जळतो. रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं. दिवा त्याने विझत नाही, कारण दिव्याला पुरेल एवढा ऑक्सिजन खोलीत असतोच. तो माणसालाच मिळत नाही.

ते पान मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. इंग्रजीत. त्या वायूला मराठीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं, आणि वाक्य जुळवण्याचा माझा रोजचा त्रास त्या दिवशी खरोखरचा त्रास झाला.

बाबांना सांगायचं ठरवलं, कारण त्यांना इंग्रजी शब्द चालला असता. ते व्हरांड्यात काळा कोट घालत होते. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग सवयीप्रमाणे उलटतपासणी सुरू केली.

“हा वायू तू पाहिलास?”

“तो दिसत नाही.”

“वास आला?”

“त्याला वास नसतो.”

“दिवा विझला?”

“नाही.”

“मग पुरावा काय?”

“ताईचं डोकं दुखतं. माझंही.”

“अशक्तपणा असतो. डॉक्टरही तेच म्हणाले.” डॉक्टर खरंच दोन दिवसांपूर्वी येऊन गेले होते. दार सताड उघडं ठेवून, त्यात उभं राहून त्यांनी ताईला तपासलं आणि टॉनिक लिहून दिलं. बाबांनी कोटाची गुंडी लावली आणि आवाज खाली आणला. “हे बघ. गेल्या वर्षी बाईंची मुलगी बाळंतपणात गेली, बाळाचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. तापाने गेली. बाईंच्या डोक्यात बसलंय की त्या दिवशी खिडकी उघडी राहिली होती. त्यांच्यासमोर खिडकीचं नाव काढू नकोस. मीही काढणार नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे बायकांचं कोर्ट आहे, तिथे माझं वकीलपत्र नाही.”

मावशीच्या मुलीचं मला माहीत होतं, पण एवढंच की गेली. होस्टेलवर पोस्टकार्ड आलं होतं. खिडकीचं माहीत नव्हतं.

मी मावशीकडे गावी एकदा राहिले होते, लहान असताना, तेव्हा तिच्या सुनेचं बाळंतपण होतं. ती खोली मला आठवली. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि गोवऱ्यांचा असा धूर की आम्ही मुलं डोळे चोळत पळायचो. बायका मधूनच ओरडायच्या, “दार लोटा व, धूर जाऊ द्या,” दार उघडायचं, धूर जायचा, दार लागायचं. दिवसभर हेच. वर कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या काड्या खोलीत उतरायच्या आणि धूर त्याच वाटेने बाहेर जायचा. म्हणजे त्या खोलीला कोणी बुजवलं तरी ती बुजत नसे, आणि धूर त्रास देत होता म्हणूनच दार उघडत होतं. इथे आम्ही स्लॅब घातला, काच बसवली आणि धूर काढून टाकला. बाकी सगळं मावशीने होतं तसंच केलं. तिचं काही चुकलं नव्हतं. बाबांचंही वेगळं काढून पाहिलं तर चुकलं नव्हतं.

त्या दुपारी मावशी स्वयंपाकघरात काढा करायला गेली तेव्हा मी चादर बाजूला केली आणि खिडकीच्या वरच्या फटीतला थोडा कापूस ओढून काढला. बोटभर जागा झाली असेल. थंड हवेची रेघ मनगटावर आली.

मावशी काढ्याचा गडू घेऊन दारात उभी होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गडू खाली ठेवला, माझ्या हातातून कापूस घेतला, फटीत परत घातला, अंगठ्याने दाबला. मग म्हणाली, “तुले काय पायजे व? मले एकडाव सांगून टाक.”

“मावशी, कोळशाच्या शेगडीने…” मी थांबले. “या हवेत…”

“हवा मले नको शिकवू. मी हवा पाह्यली हाये.”

तेवढ्यावर माझं खोलीत जाणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. सकाळपासून बारीक मावठा पडत होता आणि वारा अजिबात नव्हता. जिनिंगच्या कारखान्यांचा धूर वर न जाता गल्लीत उतरून बसला होता. व्हरांड्याची फरशी पाणी सुटल्यासारखी ओली दिसत होती. बाबा कोर्टात गेले. दुपारी आईला पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाला जायचं होतं. रथसप्तमी जवळ आली होती, आणि ताईच्या सासरकडची एक बाई तिथे येणार होती, त्यामुळे टाळता येत नव्हतं.

“बाई आहे आत,” आई मला म्हणाली. “तू नुसती बाहेर बस. आत जाऊ नको. उगीच तिचं डोकं फिरवू नको.”

मावशीने ओल्या हवेचं निमित्त करून दोन्ही शेगड्या भरल्या, ताईला आणि बाळाला घेऊन आत बसली आणि आतून कडी लावली. फटीला गुंडाळी सरकवल्याचा आवाज मी ऐकला.

मी दाराबाहेर पुस्तक घेऊन बसले. आतून मावशीचं बोलणं ऐकू येत होतं. ती ताईचे पाय चोळताना गावाकडच्या गोष्टी सांगायची, कोणाच्या म्हशीने कोणाच्या वावरात काय केलं अशा. ताई मध्ये मध्ये हूं म्हणत होती. हळूहळू हूं ऐकू येईना. मावशीचं चालूच होतं. मग तिचीही वाक्यं तुटायला लागली, एखादं म्हणायची, बराच वेळ गप्प, मग पुन्हा तेच वाक्य.

मी दार वाजवलं. “मावशी.”

“काय हाये.”

“ताई झोपली का?”

“निजली. मलेबी… झोप येऊन राहिली व.”

मावशी दुपारी झोपत नसे. दिवसा निजणाऱ्या बाईला ती नावं ठेवायची. मी पुस्तक खाली ठेवलं.

“मावशी, दार उघड.”

उत्तर नाही.

“मावशी. आईने बोलावलंय.” हे खोटं होतं. त्यावरही उत्तर नाही. मी दारावर दोन्ही हातांनी मारलं, खांद्याने ढकललं. सुताराने ते दार इतकं चांगलं केलं होतं की हललंसुद्धा नाही.

आईला आणायला धावत जावं, असं क्षणभर वाटलं. जाऊन यायला जो वेळ लागेल तो मला परवडेना. मी स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मागच्या दाराने बोळात आले. पाऊस केसांवर बसत होता. खिडकी माझ्या छातीच्या उंचीवर होती. काचेआड फक्त चादर दिसत होती, तिच्यावर शेगडीचा लालसर उजेड.

काच फोडताना मी डोळे मिटले होते एवढं आठवतं. आवाज फार मोठा झाला आणि आतून कोणी काही म्हटलं नाही. हात आत घालून खिटी काढली, दोन्ही पाखं बाहेर ओढली, गजांमधून चादर खेचली तेव्हा तिच्याबरोबर कापसाचे लांब पट्टे सुटून आले. आतली गरम हवा तोंडावर आली. तिला कसलाही वास नव्हता, फक्त ओव्याचा.

मावशी जमिनीवर बसलेली होती, डोकं बाजेच्या पायाला टेकलेलं. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ताई पाठीवर, तोंड थोडं उघडं. बाळ तिच्या कुशीत, दिसत नव्हतं.

“मावशी, दार. कडी काढ.”

तिने मान वळवली. फार लांबून कोणीतरी हाक मारल्यासारखी.

“मावशी, लेकराला बाहेर काढायचंय. कडी.”

लेकरू हा शब्द तिच्यापर्यंत पोचला असावा. ती उठायला गेली आणि पडली. मग हातांवर, गुडघ्यांवर दारापर्यंत गेली. मी गजांना धरून बघत होते, दुसरं काही करता येत नव्हतं. तिचा हात कडीवर गेला, घसरला. पुन्हा गेला. मी बोळातून धावले, घरातून फिरून दारापाशी आले तेव्हा कडीचा आवाज झाला आणि दार तिच्या अंगाच्या ओझ्यानेच उघडलं.

आधी बाळ. ते हाताला सैल लागलं, कापडासारखं. व्हरांड्यातल्या बाकावर त्याला ठेवलं आणि ताईसाठी परत गेले. तिला काखेत धरून ओढत आणलं, तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. उंबऱ्यावर ती भडभडून ओकली. ओकली म्हणजे जिवंत आहे, असं मला वाटलं, आणि मी बाळाकडे वळले. त्याचे तळपाय चोळले, गालांवर टिचक्या मारल्या, कुंची काढून टाकली. पावसाळी गार हवा त्याच्या उघड्या डोक्यावर लागत होती. बाळंतघरातल्या कोणत्याही बाईने ते पाहिलं असतं तर मला मारलं असतं. त्याचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मग एक बारीक, चिरका, चिडलेला आवाज आला, आणि थांबेचना.

आई आली तेव्हा तिच्या पदरात ओटीची बोरं आणि हलवा होता. फाटकातूनच तिने सगळं पाहिलं. व्हरांड्यात ताई खांबाला टेकून बसलेली, मावशी आडवी, उघडं बोडकं बाळ माझ्या हातात किंचाळत होतं. पदर सुटला आणि बोरं पायऱ्यांवरून खाली गेली. ती मला काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. तिला तोवर काही माहीत नव्हतं.

बाबा कोर्टातून आले, त्यांच्या पाठोपाठ डॉक्टर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खोलीत काय जळत होतं हा. दोन्ही शेगड्या तोवर मी चिमट्याने ओढून अंगणात काढल्या होत्या, त्या पावसात सुंसुं करत होत्या. डॉक्टर खोलीत गेले, झरोक्याकडे पाहिलं आणि बाहेर येऊन बाबांशी इंग्रजीत बोलले. बाबांनी मान डोलावली, जणू पहिल्यांदा ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. संध्याकाळी कोळशाचं पोतं घरातून गेलं. त्या विषयावर बाबा माझ्याशी कधीच बोलले नाहीत, पण त्यानंतर ते छताकडे बघायचे थांबले.

ताई आणि बाळ दोन दिवसांत सावरली. मावशीला जास्त वेळ लागला. ती पुढच्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडून होती. सगळे तिच्याशी जपून बोलत आणि त्यामुळे तिला आणखी राग येत होता. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिने विचारलं.

“मले का झालं व्हतं व?”

या वेळी मी वाक्य जुळवलं नाही, जसं येईल तसं सांगितलं. बंद खोलीत कोळसा जळला की एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात बसतो आणि श्वास घेऊनही श्वास मिळत नाही.

“वास नाई, रंग नाई. मंग मानसाले त्याचं भेव कसं वाटावं?”

“नाहीच वाटत.”

ती छताकडे बघत पडली होती. “धूर असता तं मी दार उघडलं असतं.”

“हो.”

“मले तं वाटलं का धूर नाई म्हनजे बरंच हाये.” तिने डोक्याचं फडकं सैल केलं. “माह्या पोरीच्या खोलीत धूर व्हता. खिडकीबी उघडी व्हती. मंग तिले काय झालं?”

मी पाण्याचा गडू हातातच धरून उभी होते.

“बोल ना व मडम. तुले सारं ठाऊक असते.”

“तिला ताप होता ना, मावशी?”

“व्हता. आंगाला हात लावू देत नव्हता असा.”

“मग ते वेगळं होतं. खिडकीमुळे नव्हतं.”

“कशावरून?”

मला काय सांगता आलं असतं? तापाबद्दल मी काहीच शिकले नव्हते. “मला नक्की माहीत नाही,” मी म्हटलं. “पण खिडकीमुळे नसावं.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी गडू उशाशी ठेवला.

ताईला पुन्हा त्या खोलीत न्यायचं ठरलं त्या सकाळी मावशी उठून बसली. सव्वा महिना पुरा व्हायला अजून अवकाश होता. शेकायला बेताचे निखारे, तेही चुलीतले, आणि शेकून झालं की शेगडी बाहेर, इतकं तिने स्वतःच सांगितलं. खिडकीचं नाव मात्र कोणी काढेना. बाबा पेपरमध्ये डोकं घालून बसले होते, आई तांदूळ निवडत होती.

“एक पाख उघडं राहू द्या,” मावशी म्हणाली. सगळ्यांनी वर पाहिलं. “पन सरळ बायतिनीवर वारं येऊ देनार नाई मी. मधात कोनीतरी बसाव लागते.” तिने माझ्याकडे बोट केलं. “हे बसन. खिडकीले पाठ लावून. वारं पयले हिले लागू दे. हिले काई झालं नाई तं मंग पुढचं पाहू.”

“बाई, तिला सर्दी होईल,” आई म्हणाली.

“होऊ दे ना. बायतीन थोडीच हाये ते.”

ताई पांघरुणात हसली, आणि मग मीही.

म्हणून अमरावतीला परत जाईपर्यंत मी रोज दुपारी त्या खिडकीला पाठ लावून बसले. फुटलेल्या तावदानाच्या जागी सुताराने पुठ्ठा ठोकला होता, शेजारचं पाख अर्धं उघडं. आभाळ गेलं होतं, हवा पुन्हा कोरडी खडखडीत झाली होती, आणि मानेवर सतत गार रेघ यायची. समोर मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसायची. मी शिंकले की ती थांबायची, मला नीट निरखायची, मग पुन्हा तेल चोळायची. मी तिच्याकडे फारसं बघत नसे. त्या हवेने ताईच्या पांघरुणाची वरची घडी हलते का, तेवढं बघत बसायची.